जर्मन तबकड्यांवरील स्त्रियांचे आवाज

नवरात्रात सुरतेच्या मैदानांवर जे वाजते त्याला गरबा म्हणावे की आणखी काही, हा वाद आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी केव्हाच सोडून दिला आहे. ऐंशीच्या दशकात 'डिस्को दांडिया' आला आणि ढोलाशेजारी विजेची गिटार, ड्रम आणि सिंथेसायझर येऊन बसले. त्या काळच्या ऑर्केस्ट्रांच्या यादीत 'हरी ओम हरी' हे गाणे हमखास असे. १९८० सालच्या 'प्यारा दुश्मन' या चित्रपटातले हे गाणे. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज उषा उत्थुप यांचा. घरच्या मुली त्यावर फेर धरीत आणि आज्या "चला, हरीचे नाव तरी आहे" असे म्हणून समाधान मानीत.

हरीचे नाव मागाहून आलेले होते. ती चाल त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, 'इरप्शन' नावाच्या वाद्यमेळाने 'वन वे तिकीट' म्हणून युरोपभर गाजविली होती. तिचे मूळ आणखी मागचे, नील सेडाका या अमेरिकन गायकाच्या १९५९ सालच्या गाण्यात. परंतु ज्या ठेक्यात आणि ज्या थाटात ती आपल्या मंडपात उतरली, तो थाट पश्चिम जर्मनीत फ्रँक फारियन नावाच्या निर्मात्याने दिलेला. आणि ज्या बाईच्या गळ्यातून ती निघाली तिचे नाव प्रेशस विल्सन. जन्म जमैकाचा, वाद्यमेळ इंग्लंडमधला, निर्माता जर्मन. आम्ही आमच्या बरोबरीच्या काही मंडळींस सहज विचारून पाहिले. उषाताई सर्वांस ठाऊक, बप्पीदा ठाऊक, 'इरप्शन' एकदोघांस ठाऊक. प्रेशस विल्सन कोणासही ठाऊक नाही. त्या काळच्या नाचणाऱ्यांस हा आवाज जितका परिचित, तितकेच हे नाव अपरिचित.

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीतून जे लोकप्रिय संगीत जगभर गेले त्याची ही एक लक्षणीय गोष्ट आहे. आवाज बहुतांशी स्त्रियांचे. नावे मात्र निर्मात्यांची, कंपन्यांची, वाद्यमेळांची.

या संगीतात 'फंक' हा शब्द वारंवार येतो, तेव्हा तो आधी उलगडलेला बरा. फंक ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांची निर्मिती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स ब्राउन याने ती घडविली. आपल्या वाचकांस ती समजण्यास फार कष्ट पडू नयेत, कारण तिचे सारे मर्म समेत आहे. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकावयाचा आणि मधल्या जागा ड्रम, गिटार आणि बास यांच्या तुटक बोलांनी भरावयाच्या. चाल गौण, लय मुख्य. डिस्को हे तिचेच अधिक सरळ, अधिक सोपे भावंड: चारही मात्रांवर ड्रमचा सारखाच ठोका. फंकमध्ये नाचणाऱ्यास थोडा विचार करावा लागतो, डिस्कोत तेवढाही नाही. लग्नाच्या वरातीत डिस्को का टिकला आणि फंक का टिकला नाही, याचे उत्तर बहुधा यातच असावे.

हे अमेरिकन बियाणे जर्मनीत रुजले कसे? युद्धानंतर पश्चिम जर्मनीत अमेरिकन फौजांचे तळ पडले होते, त्यांचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते, आणि सैनिकांच्या क्लबांतून अमेरिकन गाणी रोज वाजत. जर्मन तरुण ती ऐकत वाढले. त्यातच १९६८ साली 'हेअर' या अमेरिकन संगीतिकेचा जर्मन प्रयोग म्युनिकमध्ये उभा राहिला आणि त्यात काम करण्यास बॉस्टनची एक मुलगी आली, लाडॉना गेन्स. तिने पुढे हेल्मुट झोमर या ऑस्ट्रियन नटाशी लग्न केले. त्या आडनावाचे इंग्रजी वळण म्हणजे समर. डॉना समर ती हीच. म्युनिकमधील अराबेला नावाच्या उंच इमारतीच्या तळघरात जॉर्जिओ मोरोडर याचा 'म्युझिकलँड' हा ध्वनिमुद्रण कक्ष होता. मोरोडर दक्षिण टिरोलचा, म्हणजे इटलीत राहून जर्मन बोलणाऱ्या मुलखातला. सीमेवरच्या माणसाला दोन्ही घरे आपली वाटतात आणि दोन्हीकडे तो थोडा परका असतो, हे बाहेरप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास वेगळे सांगावयास नको.

त्या दोघांचे १९७५ सालचे गाणे ('लव्ह टु लव्ह यू बेबी') सुमारे सतरा मिनिटे चालते. ते घरात मोठ्या आवाजात लावण्याजोगे नाही, एवढेच येथे नोंदवितो. परंतु १९७७ चे 'आय फील लव्ह' अवश्य ऐकावे. त्यात ड्रमचा ठोका सोडला तर जवळजवळ सर्व वाद्यकाम मूग सिंथेसायझर या यंत्राने केलेले आहे. तेच चार-सहा स्वर तंबोऱ्याच्या झंकारासारखे अखंड फिरत राहतात आणि त्यांवर एकटी बाई गाते. यंत्र इतके निर्विकार की तिचा श्वासदेखील ऐकू यावा. पुढील चाळीस वर्षांचे नाचाचे संगीत या एका गाण्यावर उभे राहिले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. डॉना समरचे नाव झाले. पण ती अपवाद होती.

नियम पाहावयाचा असेल तर 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' पाहावे. म्युनिकचेच मिखाएल कुन्झे आणि सिल्व्हेस्टर लेवाय यांनी हे नाव उभे केले. त्यांचे 'फ्लाय, रॉबिन, फ्लाय' १९७५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले. गाण्यात एकूण निरनिराळे शब्द सहा. ते शब्द गातात त्या बायका. वाद्यांच्या वर स्पष्ट ऐकू येतात. तरी पुढल्या वर्षी त्याला जे ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते 'वाद्यसंगीत' या वर्गात मिळाले! गाणाऱ्या स्त्रिया आहेत, आवाज आहे, शब्द आहेत, आणि परीक्षकांच्या लेखी गाणे गायिलेच गेलेले नाही. आम्हांस या एका गोष्टीने जितके थक्क केले तितके त्या सर्व झगमगाटाने केले नाही. गाणे लोकप्रिय झाल्यावर दूरदर्शनसमोर उभे करण्यासाठी पेनी मॅकलीन, रामोना वुल्फ आणि लिंडा थॉम्प्सन अशी तिघींची नावे पुढे आली.

'बोनी एम' तर आपल्याकडे घरोघर पोहोचले. सुरत, नवसारी, बारडोली या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबांचे नातलग इंग्लंड-आफ्रिकेत. कोणी सुट्टीत आले की सामानात या कॅसेट असत, आणि मग एकीच्या दहा होत. नकललेल्या कॅसेटवर शाईच्या पेनाने 'बोनी एम' एवढेच लिहिलेले. 'डॅडी कूल' १९७६ चे, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' आणि 'रासपुतिन' १९७८ ची. मंचावर चौघे दिसत: तीन स्त्रिया आणि एक नाचणारा पुरुष, बॉबी फॅरेल. ध्वनिमुद्रणात मात्र त्या चौघांपैकी दोघींचेच आवाज आहेत, लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट यांचे. दोघीही जन्माने जमैकाच्या. पुरुषाचा तो खर्जातला आवाज स्वतः फारियनचा. मेझी विल्यम्स आणि फॅरेल त्या तबकड्यांवर गायिलेच नाहीत. म्हणजे दोघी गात होत्या आणि श्रेय चौघांत वाटले जात होते. आणि चौघांच्याही वर निर्माता. याच फारियनने पुढे 'मिली व्हॅनिली' या नावाने दोन तरुण उभे केले. ते गातच नव्हते हे १९९० मध्ये उघडकीस आले आणि त्यांचे ग्रॅमी काढून घेण्यात आले. त्या वेळी जगाला मोठा धक्का बसला. बोनी एमच्या वेळी कोणासही बसला नव्हता.

आता मराठी वाचक म्हणेल की पडद्यामागून गाणे आम्हांस नवे नाही. खरे आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे मधुबालेच्या भूमिकेचे नाव. गायिल्या होत्या लता मंगेशकर. श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रे लिहून विचारणा केली, तेव्हा रेडिओने कंपनीकडून खरे नाव मिळवून जाहीर केले. लतादीदींचा जन्म इंदूरचा, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्याच मराठी घरातला. आणि माईंचे माहेर थाळनेरचे गुजराती. ते थाळनेर आपल्याच तापीच्या काठी आहे, ही आमची आवडती आठवण येथे नोंदविण्याचा मोह आवरत नाही.

परंतु जर्मनी आणि आपल्या गायिका यांचा संबंध याहूनही जुना आहे आणि त्यातील नावाची कथा उलट दिशेने जाते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मेणावर घेतलेली ती मूळ मुद्रणे जहाजाने जर्मनीत हॅनोव्हर येथे जात. हॅनोव्हर हे तबकडीचा जनक एमिल बर्लिनर याचे जन्मगाव. तेथे त्याने व त्याच्या भावाने १८९८ मध्ये 'डॉइचे ग्रामोफोन' हा कारखाना काढला होता. तेथे तबकड्या छापल्या जात आणि पुन्हा जहाजाने हिंदुस्थानात येत. त्या तबकड्या ज्या लाखेच्या बनत ती लाखही पुष्कळशी आपल्याच जंगलांतून जाई. लाख आपली, गळा आपला, ठसा हॅनोव्हरचा.

हॅनोव्हरच्या कामगारांस हिंदी येत नव्हते, हे उघडच आहे. कोणती तबकडी कोणाची, हे त्यांस कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारून सांगत असे, असे जाणकार सांगतात. गौहर जान यांनी तर ते इंग्रजीतून सांगितले. अलाहाबादच्या जानकीबाईंनीही आपले नाव असेच तबकडीत कोरून ठेवले आहे. समाजाने ज्यांना नावाने हाक मारतानाही नाक मुरडले, त्या बायकांची नावे जर्मन कारखान्याच्या सोयीसाठी का होईना, त्यांच्याच आवाजात कायमची राहिली. १९०७ च्या डिसेंबरात लोकमान्य सुरतेस आले आणि येथली काँग्रेस दुभंगली. त्याच्या पुढल्याच वर्षी कलकत्त्यास सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. हॅनोव्हरचा फेरा संपला आणि काही काळाने नाव सांगण्याची प्रथाही मावळली.

त्यानंतर अडुसष्ट वर्षांनी, १९७६ मध्ये, मुंबईची एक मुलगी जर्मन तबकडीवर आली. आशा पुथली हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? मुंबईत वाढलेली, हिंदुस्थानी संगीत शिकलेली, पाश्चात्त्य गायनाचेही शिक्षण घेतलेली. साठच्या दशकात ती मुंबईत जॅझ गात असे. वेद मेहता यांच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या १९७० च्या पुस्तकात मुंबईच्या जॅझवरील भागात तिचा उल्लेख आला आणि त्यावरून न्यूयॉर्कच्या जॉन हॅमंड या विख्यात पारख्याचे लक्ष तिच्याकडे गेले. बॉब डिलनला पुढे आणणारा तो हाच. १९७१ मध्ये ती ऑर्नेट कोलमन या जॅझच्या धुरंधर वादकाच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीसाठी गायिली. अमेरिकेत मात्र तिच्या स्वतंत्र गाण्याला घर मिळाले नाही. ते मिळाले युरोपात.

'द डेव्हिल इज लूज' ही तिची तबकडी १९७६ मध्ये जर्मनीच्या सीबीएस कंपनीने काढली. निर्माता डीटर झिमरमान, तोही जर्मन. तीत 'स्पेस टॉक' नावाचे गाणे आहे. मंद फंकचा ठेका, बासचा गोल, मऊ फेर आणि वर जवळजवळ कुजबुजीसारखा आवाज. तो आवाज स्वरावर थेट उतरत नाही. वरून घसरत येतो आणि जागेवर पोहोचल्यावरही किंचित हलत राहतो. ज्याने बैठकीत मींड ऐकली आहे त्यास हे कोठून आले ते सांगावे लागणार नाही. म्युनिक-फ्रँकफर्टच्या गायिकांत हा गुण दुसऱ्या कोणातही आम्हांस आढळला नाही. न्यूयॉर्कच्या नाचघरांत ते गाणे वाजत राहिले, आणि १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या तबकडीत त्याचा तुकडा वापरला गेला. लक्षावधी लोकांनी तो ऐकला. त्यांतल्या कितीकांस ठाऊक होते की हा मुंबईचा गळा?

आणि १९७६ साली आपल्या घरांतून काय ऐकले जात होते? 'शोले'च्या संवादांची तबकडी! गब्बरसिंगचे बोल पाठ नव्हते असे पोर नव्हते. त्या तबकडीवरचे नाव 'पॉलिडॉर', आणि पॉलिडॉर हे मूळचे जर्मन नाव, हॅनोव्हरच्या त्याच डॉइचे ग्रामोफोनच्या घराण्यातले. जर्मन ठसा आपल्या घरात येतच होता. फक्त त्यातून आपल्या मुलीऐवजी गब्बर बोलत होता.

खुद्द जर्मन भाषेत गाणाऱ्या स्त्रियांविषयी थोडे सांगितले पाहिजे. हिल्डेगार्ड क्नेफ ही मूळची चित्रपटांची नटी. तिने स्वतःची गाणी स्वतः लिहिली आणि १९७० च्या 'क्नेफ' या तबकडीत ती आधुनिक, ठेकेदार वाद्यमेळासह म्हटली. आवाज जाडा, फारसा पल्लेदार नव्हे, परंतु शब्द तिचे स्वतःचे असल्याने तिला कोणी पुसून टाकू शकले नाही. दुसरी जॉय फ्लेमिंग. ही आमची विशेष आवडती. मानहाइमच्या बोलीत तिने १९७२ मध्ये आपल्या नदीच्या पुलावर ब्लूज गायिला, म्हणजे जणू लिंबायतच्या एखाद्या बाईने अहिराणीत तापीच्या पुलावर गाणे करावे आणि ते देशभर गाजावे. १९७५ च्या युरोव्हिजन स्पर्धेत तिने जीव ओतून गाणे म्हटले आणि ती सतरावी आली. परीक्षक सर्वत्र सारखेच.

पूर्व जर्मनीची तऱ्हा निराळी. तेथे 'आमिगा' ही एकच सरकारी कंपनी आणि किती गाणी देशी अथवा समाजवादी देशांची असावीत याचेही प्रमाण ठरलेले. तरी तेथेही फंकचा ठेका शिरलाच. व्हेरोनिका फिशर ही तेथील अत्यंत लोकप्रिय गायिका. १९८१ मध्ये ती पश्चिमेस निघून गेली आणि पूर्वेच्या रेडिओवरून तिची गाणी नाहीशी झाली. पश्चिमेत नाव विसरले जाई. पूर्वेत ते ठरवून पुसले जाई.

सुरतेत ते पाण्याने पुसले. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. तळमजल्यावरील कपाटांत लग्नाचे शालू, जमिनीचे कागद, फोटो आणि त्यांच्याच शेजारी तबकड्यांचे गठ्ठे होते. कॅसेट गेल्या त्या गेल्याच. फितीत गाळ शिरला की ती पुन्हा उलगडत नाही. तबकड्या मात्र पुष्कळशा वाचल्या. प्लास्टिकला काय किंवा लाखेला काय, पाण्याचे एवढे भय नाही. भिजली ती वेष्टने, आणि सुटून आली ती मधली कागदी चकती, जिच्यावर गाण्याचे आणि गाणारीचे नाव असते. आजही काही घरांत अशा बिननावाच्या तबकड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. गाणे वाजते, कोणाचे ते समजत नाही. आजीची, आत्याची आवड म्हणून कोणी टाकून देत नाही, आणि ज्यांना नावे तोंडपाठ होती ती माणसे एकेक करून जात आहेत.

अशा तबकड्या टाकू नयेत. गाळ गार पाण्याने, मऊ फडक्याने, खाचांच्या दिशेनेच पुसावा. उन्हात वाळवू नयेत, वाकतात. लाखेच्या जुन्या जड तबकडीस स्पिरिट कदापि लावू नये. लाख त्यात विरघळते. मग उजेडात तबकडी तिरपी धरून चकतीच्या भोवतालचा गुळगुळीत भाग पाहावा. तेथे बारीक अक्षरांत एक क्रमांक कोरलेला किंवा उठविलेला असतो. तो कागदावर नसल्याने पुरात जात नाही. तो क्रमांक, त्यामागील-पुढील अक्षरे आणि तबकडीची बाजू अशी नोंद वहीत करावी. संग्राहकांच्या सूच्यांत त्या क्रमांकावरून गाणे, साल आणि बहुधा गायिकेचे नावही सापडते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या माहितीचे मोठे काम केले आहे, आणि मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या मुद्रणांची क्रमवार सूची ग्रंथरूपाने दिली आहे. परदेशी तबकड्यांच्या सूच्या आता घरबसल्याही पाहता येतात, नातवंडांस सांगावे.

घरात एखादी फार जुनी, एकाच बाजूस खाचा असलेली तबकडी निघाली, तर क्रमांक शोधण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत वाजू द्यावी. गाणे थांबले म्हणून सुई लगेच उचलू नये. मात्र त्यासाठी मिनिटास ७८ फेऱ्यांचे यंत्र आणि जाड खाचेची सुई लागते. हल्ली बाजारात मिळणारी अनेक यंत्रे ३३ आणि ४५ फेऱ्यांचीच असतात. घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.